गारपीट, पूर आणि गावाची सिद्धता

(पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नैसर्गिक आपत्ती म्हटली की किनाऱ्यावरील वादळ किंवा भूकंपाने जमीनदोस्त झालेले गाव डोळ्यांपुढे उभे राहते. निफाड तालुक्याला समुद्र नाही. तथापि ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा त्याचा पाऊस नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांना भोवला. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ वादळही ईशान्येकडे सरकत या जिल्ह्याच्या दिशेनेच आले. घाटमाथा म्हणजे तटबंदी ही समजूत आता सोडून द्यावयास हवी.

या तालुक्याची खरी आपत्ती दोन रूपांनी येते. एक आभाळातून गारांच्या रूपाने, दुसरी गोदावरीच्या पात्रातून. दोहोंची चाहूल निरनिराळी असते आणि सिद्धताही निरनिराळीच करावी लागते.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागावर गारपीट झाली, त्या वेळी द्राक्षाची काढणी चालू होती. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी निफाड तालुक्यात गारा पडल्या, तेव्हा ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात अथवा मणी धरण्याच्या अवस्थेत होत्या. काढणीच्या वेळची गार तयार माल नेते. फुलोऱ्यातील गार घड तर नेतेच, शिवाय कोवळ्या काड्या सोलून काढते. ओलांड्यावर व खोडावर झालेल्या जखमांतून रोग आत शिरतो आणि वेल अशक्त होतो. म्हणून गारपिटीनंतर फुटलेले घड व मोडलेल्या काड्या लवकर बाहेर काढणे आणि बुरशीनाशकाची फवारणी करणे हे वेल वाचविण्याचे पहिले काम होय.

नेमकी येथेच शेतकऱ्याची कोंडी होते. बाग साफ करावी तर नुकसानीचा पुरावा नाहीसा होतो. पंचनाम्याची वाट पाहावी तर केवडा पसरतो. वेल जगवावा की मदत मिळवावी, असा पेच ज्याच्यापुढे पडतो त्याला शासनाचे परिपत्रक वाचून दाखविण्यात अर्थ नाही. शेतीपिकांच्या नुकसानीस मदत देण्याची मर्यादा २०१५ मध्ये ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली गेली, ही मोठीच सुधारणा झाली. परंतु ३३ टक्के की ३०, हे बांधावर उभे राहूनच ठरावयाचे असते आणि तो बांध गाठण्यास उशीर झाला तर सुधारणा कागदावरच राहते. गावी अजून तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक याच नावांनी ओळखल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे एकेकाच्या वाट्याला अनेक शिवारे असतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही.

उपाय गावाच्या हाती आहे. गारांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने गटनिहाय बागांची यादी करावी: क्षेत्र, वाण, छाटणीची तारीख, विमा आहे की नाही. गारा पडल्या त्याच दिवशी प्रत्येक बागेची चारही कोपऱ्यांतून छायाचित्रे घ्यावीत. एक-दोन ओळी न साफ करता नमुन्यादाखल राखून ठेवण्यास चालेल काय, हे तहसील व कृषी कार्यालयाकडून आधीच लेखी विचारून घ्यावे आणि तसे ठरल्यास उरलेली बाग मोकळी करावी. विम्याच्या बाबतीत अधिक सावधपणा हवा. २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ४८ तासांत देण्याची अट घालण्यात आली होती. पुढे अटी बदलत गेल्या, फळबागांच्या विम्याचे नियम तर वेगळेच आहेत. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबून बसलेला शेतकरी मुदत चुकवतो. चालू हंगामाच्या अटींचा कागद पंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.

गारांबरोबर वीज येते हे पुष्कळदा विसरले जाते. द्राक्षबाग म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांचे जाळे. पहिला गडगडाट ऐकताच मजुरांना बागेतून बाहेर काढून पक्क्या घरात नेले पाहिजे, झाडाखाली नव्हे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. मुकादमाच्या भ्रमणध्वनीवर ते असणे ही काही चैनीची गोष्ट नव्हे.

आता पुराविषयी. नाशिकमध्ये रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हे पूर मोजण्याचे लोकांचे साधन आहे. पाणी मारुतीच्या कमरेला की गळ्याशी, एवढे सांगितले की १९६९ चा पूर पाहिलेल्या वृद्धापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांना अर्थ कळतो. याउलट पाटबंधारे खात्याची सूचना क्युसेकमध्ये येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरांहून अधिक. आकडा बरोबर असतो, पण त्यावरून आपल्या ओट्याला पाणी लागेल की नाही हे चांदोरी-सायखेड्याच्या माणसाला उमगत नाही.

तेथील अडचण अशी की गोदावरीला वरच्या बाजूस दारणा मिळते आणि खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. गंगापूर धरणातून किती सोडले एवढेच ऐकून थांबले तर दारणेचे पाणी हिशेबातून सुटते. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या दोन्ही पुरांत ही गावे पाण्याने वेढली गेली. त्या दोन तारखांच्या पाण्याच्या खुणा शाळेच्या भिंतीवर, मंदिराच्या पायरीवर व पुलाच्या खांबावर रंगाने उमटवाव्यात आणि त्यांच्या शेजारी त्या दिवशीचा नांदूरमध्यमेश्वरचा विसर्ग खात्याकडून घेऊन लिहावा. म्हणजे प्रत्येक गावाला आपला स्वतःचा दुतोंड्या मारुती मिळेल. हे काम शिक्षकांनी सातवीच्या मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. मुले घरोघर विचारतील, आणि पाणी कोठवर आले होते यावरून म्हाताऱ्यांचे वादही होतील. ते होऊ द्यावेत, खूण अधिक अचूक ठरेल.

पुरात लोकांना शाळेत आणले जाते. मग शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते, दाखले व पटनोंदणीची पुस्तके वरच्या फळीवर आहेत काय, गरोदर स्त्रिया व अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोणत्या घरांत आहेत, हे मे महिन्यातच ठरले पाहिजे. नदीकाठच्या पोहणाऱ्या तरुणांच्या पथकांनी अनेकांना बाहेर काढले आहे. त्यांना दोर, जीवरक्षक जाकिटे व विजेऱ्या देणे हा पंचायतीचा खर्च समजावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण निर्माण केले. परंतु रस्ता पाण्याखाली गेल्यावर पहिले काही तास गावाला स्वतःच काढावे लागतात.

एक बाब कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. पेठ, सुरगाणा भागातून छाटणी, विरळणी व काढणीसाठी येणारी मजूर कुटुंबे बागेतल्या खोपटांत राहतात. बाग गेली की त्यांचा हंगाम गेला. त्यांच्या नावावर गट नाही, म्हणून नुकसानही नाही. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना उभी केली, ती जमीन नसलेल्या माणसाकडे पाहूनच. प्रत्येक बागाईतदाराने हंगामाच्या आरंभी आपल्याकडील मजूर कुटुंबांची नोंद ग्रामपंचायतीत द्यावी. गारपिटीनंतरच्या ग्रामसभेपुढे ती यादी ठेवावी आणि नाल्यांची सफाई, पडलेल्या मांडवांची उभारणी, रस्त्यांची दुरुस्ती ही कामे निघतील तेव्हा पहिली हाक या नावांना द्यावी. आजच्या सभेनंतर पंचायतीच्या कार्यालयात या नोंदीची वही उघडली जाणार आहे.