पंच्याण्णवावे प्रेत

खुनाची गोष्ट वयात येणाऱ्या मुलांनी पाहावी का, हा प्रश्न एका रविवारी आमच्याच घरात उभा राहिला. धाकटी लेक नववीत आहे. तिने 'कॅडफेल' ही जुनी ब्रिटिश मालिका लावली होती. पहिल्याच भागात फासावर दिलेल्यांची प्रेते दिसली. तिची अम्मी म्हणाली, "बंद करा हे." मी म्हटले, जरा थांबू या.

एडिथ पार्जेटर या लेखिकेने एलिस पीटर्स या टोपणनावाने १९७७ पासून कॅडफेलच्या २० कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी १३ कथांवर १९९४ ते १९९८ या काळात ही मालिका निघाली. काळ बाराव्या शतकाचा, स्थळ इंग्लंडमधला श्रूझबरीचा मठ. डेरेक जेकोबी यांनी रंगवलेला ब्रदर कॅडफेल तरुणपणी धर्मयुद्धात लढला आणि आता मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो. मुसलमानांशी लढायला गेलेला हा माणूस झाडपाल्याची विद्या त्यांच्याकडूनच शिकून येतो. लेखिकेचे हे औदार्य मला मनापासून आवडले.

राजा स्टीफनने ११३८ साली श्रूझबरीचा किल्ला घेतला आणि तो लढवणाऱ्यांना फाशी दिली, हा इतिहास. कॅडफेल मात्र काल्पनिक. कथेत फाशी ९४ जणांना होते. दफनापूर्वी कॅडफेल प्रेते मोजतो, तर ती भरतात ९५! कोणीतरी आपण केलेला खून राजाज्ञेच्या आडोशाला लपवलेला असतो. एवढ्या प्रेतांत एकाचे काय एवढे, असे कॅडफेल म्हणत नाही. त्या एकासाठी तो राजासमोर उभा राहतो.

लेक म्हणाली, "अब्बा, एकाचा खुनी शोधतायत. मग त्या चौऱ्याण्णवांचं काय?"

मला उत्तर देता आले नाही. पण मालिका मुलांच्या योग्य आहे की नाही, याचे उत्तर मात्र मिळाले. बातम्यांत मुले रोज मेलेल्यांचे आकडे ऐकतात आणि जेवत राहतात. इथे आकड्यातला एक माणूस वेगळा काढून त्याला नाव दिले जाते. हे पाहून मूल निर्ढावत नाही, प्रश्न विचारते.

तरी पथ्य हवेच. माझ्या मते तेरा-चौदा वर्षांखालच्या मुलांना ही मालिका दाखवू नये. त्यावरच्या मुलांसोबत घरातले कोणी मोठे माणूस बसावे. 'द व्हर्जिन इन द आइस' या कथेत बलात्काराचा विषय येतो. तो भाग आधी आपण पाहावा आणि मग ठरवावे. शिवाय इतिहास कुठला आणि कल्पना कुठली, हे मुलांना सांगावे.

दुसऱ्या भागात चोरी आणि खुनाचा आळ आलेला एक गरीब खेळिया रात्री जमावापुढे जीव घेऊन पळतो आणि चर्चमध्ये शिरतो. मठाधिपती त्याला चाळीस दिवसांचा आसरा देतात. गुन्हा कोणी केला ते ठरायचे असते, जमावाचा निकाल मात्र आधीच झालेला असतो. त्या दिवशी लेक पडद्यावरची नजर काढत नव्हती. मध्येच अम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि उभ्या उभ्या विचारू लागली, "वाचला का गं तो पोरगा?"

लेकीने सरकून तिला जागा करून दिली.