यांत्रिक वाटाड्या आपली वाट का बदलतो?



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु ज्या प्रश्नावरून आज घरोघरी, निदान मोटारीत बसल्यावर तरी, वाद होतो, तो प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देणे बरे नव्हे. आदल्या रात्री आपण नकाशा पाहून, अंतरे मोजून, कोठे जेवायचे आणि कोठे विसावा घ्यायचा हे ठरवून एक मार्ग आखतो. सकाळी गाडी सुरू होते आणि अर्ध्या तासात मोबाईलमधला वाटाड्या आपल्याला भलत्याच रस्त्याने नेऊ लागतो. कोणी म्हणतो, यंत्र मूर्ख आहे. कोणी म्हणतो, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. मला वाटते, ह्या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. यंत्र आपला मार्ग बदलते असे आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा आपला मार्ग त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. हे कसे ते पाहू.

प्रथम हे यंत्र वाट शोधते कसे, हे समजून घेतले पाहिजे. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा ह्या तरुण डच गणितज्ञाने कॉफी पिता पिता, सुमारे वीस मिनिटांत, एक रीत मनाशी बसवली. एका नव्या संगणकाचे सामर्थ्य सामान्य माणसांना पटेल असे उदाहरण त्याला हवे होते, म्हणून त्याने हॉलंडमधली चौसष्ट गावे घेतली आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची सर्वांत जवळची वाट संगणकाकडून काढून दाखवली. ती रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक चौक म्हणजे एक बिंदू, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एक रेघ, आणि प्रत्येक रेघेवर एक आकडा. निघाल्या ठिकाणापासून सर्वांत कमी बेरजेने जेथे पोहोचता येते ते ठिकाण आधी निश्चित करायचे, मग त्याच्या पुढचे, असे करीत मुक्कामापर्यंत जायचे. पुढे १९६८ साली अमेरिकेत आणि २००८ च्या सुमारास जर्मनीत ह्या रीतीत अशा सुधारणा झाल्या की, लाखो चौकांच्या जाळ्यातूनही वाट निमिषात निघू लागली. तरी मूळ कल्पना तीच राहिली.

आता नीट लक्ष द्यावे असा मुद्दा हा, की त्या रेघेवरचा आकडा कशाचा? तो मैलांचा असू शकेल, पैशांचा असू शकेल, इंधनाचा असू शकेल. आजच्या यंत्रांत तो मुख्यतः वेळेचा असतो. रस्त्यावर झाडी आहे की नाही, वाटेत मामांचे घर आहे की नाही, मागच्या बाकावर बसलेल्या आजींना घाटातली वळणे सोसतात की नाही, ह्या गोष्टींचा आकडा तेथे नसतो. यंत्राच्या हिशेबात ज्याला आकडा नाही त्याला अस्तित्वही नाही. आपली आखणी मात्र बहुतांशी अशाच गोष्टींनी झालेली असते.

उदाहरण आपल्या रोजच्या परिचयातले घेऊ. पुण्याहून मुंबईस जाण्यास दोन रस्ते आहेत. एक जुना, वडगाव, कामशेत, कार्ले, लोणावळे असा जाणारा; दुसरा २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग. समजा, एका कुटुंबाला कार्ल्याला एकवीरेचे दर्शन घ्यायचे आहे, वाटेत कामशेतला कोणाला भेटायचे आहे, म्हणून त्यांनी जुना रस्ता ठरवला. घरच्या संगणकावर पडद्यावरची रेघ ओढून ओढून ती जुन्या रस्त्यावर नीट बसवली आणि तो मार्ग मोबाईलकडे पाठवला. त्यांची समजूत अशी, की आपण रेघ पाठवली. प्रत्यक्षात बहुधा जाते ती रेघ नव्हे. जातात ते काही ठिपके. पुणे, लोणावळे, खोपोली, पनवेल, मुंबई. मोबाईल हे ठिपके घेतो आणि दोन ठिपक्यांमधली वाट स्वतः पुन्हा शोधतो. पुणे आणि लोणावळे यांमध्ये द्रुतगती मार्ग घेतला तरी सांगितलेले लोणावळे गाठले जातेच. मग त्याने जुना रस्ता का धरावा? त्याने आज्ञा मोडलेली नाही. आपली आज्ञाच तेवढी होती.

ह्या भेदाला यंत्रशास्त्रात नावेही आहेत. प्रवासाच्या नोंदी एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यासाठी २००२ पासून जीपीएक्स नावाची एक पद्धत प्रचारात आहे. तिच्यात 'रूट' आणि 'ट्रॅक' असे दोन निराळे प्रकार आहेत. आपल्या भाषेत बोलायचे तर एक 'मार्ग' आणि दुसरा 'माग'. मार्गात थोडे ठिपके असतात आणि मधली वाट यंत्राने शोधायची असते. मागात पावलापावलावर ठिपका असतो, धुळीत उमटलेल्या चाकोरीसारखा. तेथे शोधण्यासारखे फारसे उरत नाही. आपल्याला हवा असतो माग, आणि आपण देतो मार्ग.

दुसरे कारण असे, की ज्या नकाशावर आपण आखणी केली तोच नकाशा गाडीतल्या यंत्रात असेल असे नाही. एकात नवा पूल दाखवलेला असतो, दुसऱ्यात नसतो. शिवाय यंत्राच्या काही आवडीनिवडी आपणच केव्हातरी ठरवून दिलेल्या असतात: टोल टाळावा, मोठे रस्ते टाळावेत, वाहन कोणते. वाहनाचा प्रकार ही तर मोठीच बाब आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. गूगलच्या नकाशात दुचाकीची स्वतंत्र सोय आपल्या देशात २०१७ च्या डिसेंबरात आली. मोटारीसाठी आखलेला मार्ग दुचाकीच्या सोयीवर उघडला, किंवा उलट केले, तर वाट बदलणारच. ठिपका ठेवण्यातही चूक होते. दोन रस्ते जेथे जवळजवळ धावतात तेथे बोट किंचित सरकले की ठिपका शेजारच्या रस्त्यावर पडतो. दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूस पडला, तर तेवढा ठिपका गाठण्यासाठी यंत्र आपल्याला पुढे नेऊन माघारी वळवते, आणि आपण म्हणतो, ह्याला वेड लागले.

तिसरे कारण काळाचे. आपण रात्री दहाला आखतो आणि सकाळी नऊला निघतो. रेघांवरचे आकडे मधल्या काळात बदललेले असतात. ते कसे बदलतात? सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या संदेशांवरून प्रत्येक मोबाईल स्वतःची जागा ओळखतो आणि ती, आपण दिलेल्या परवानगीने, कंपनीला कळवतो. एका रस्त्यावरचे पुष्कळ मोबाईल हळू सरकू लागले की तेथे खोळंबा आहे असे अनुमान निघते. हे अनुमान आहे, प्रत्यक्ष दर्शन नव्हे. २०२० साली बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट ह्या कलावंताने एका हातगाडीत नव्व्याण्णव मोबाईल भरले आणि ती गाडी रिकाम्या रस्त्यावरून सावकाश ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. परंतु एरवी, हजारो खरी वाहने रस्त्यावर असताना, हे अनुमान बव्हंशी बरोबर ठरते. म्हणून यंत्र मधूनमधून हिशेब पुन्हा करते आणि वेळ वाचवणारी दुसरी वाट दिसली की ती पुढे करते. काही यंत्रांत आपण वेळीच नकार दिला नाही तर मौन म्हणजे संमती असे धरले जाते.

आणि चौथे कारण आपल्या स्वतःच्या वागण्यातले आहे. आपण चहासाठी रस्ता सोडतो, एखादे वळण चुकवतो. त्या क्षणी यंत्र जुनी आखणी दुरुस्त करीत बसत नाही. जेथे आहोत तेथून मुक्कामापर्यंतचा प्रश्न ते नव्याने सोडवते. आपल्या दृष्टीने प्रवास एकच आणि अखंड असतो. त्याच्या दृष्टीने दर वळणाला नवा प्रवास असतो.

येथवर गोष्ट एका मोटारीची झाली. पण रस्ता एकट्याचा नसतो. इंग्लंडमधल्या वॉर्ड्रॉप ह्या अभ्यासकाने १९५२ सालीच दाखवून दिले होते, की प्रत्येक जण स्वतःचा वेळ वाचवू पाहत असेल तर जी वाहतूक घडते ती, आणि सर्वांचा मिळून वेळ वाचेल अशी वाहतूक, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या भेदाची प्रचीती आज येत आहे. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला. यंत्राने एक पर्यायी वाट सुचवली. ती मातीची होती आणि पावसाने चिखल झालेली होती. सुमारे शंभर मोटारी तीत अडकल्या. न्यू जर्सीतल्या लिओनिया ह्या लहान गावाने २०१८ च्या जानेवारीत आपले सुमारे साठ रस्ते गर्दीच्या वेळी परक्या वाहनांना बंद केले. कारण जॉर्ज वॉशिंग्टन पुलाकडे जाणारा लोंढा हे वाटाडे गावातल्या गल्लीबोळांतून सोडू लागले होते. त्यावर पुढे कोर्टकचेरीही झाली. ज्या बोळात पोरे विटीदांडू खेळतात त्या बोळाचा आकडा यंत्राकडे एवढाच असतो: दीड मिनिट.

मग ह्यात धोका कोणता? चार पैसे टोल अधिक पडला, दर्शन हुकले, तर ते सोसता येते. पण काही वेळा हिशेब जिवावर बेततो. २०२१ च्या जानेवारीत आपल्या अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, रात्रीच्या वेळी नकाशाच्या सांगण्यावरून निघालेली एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि एक जण बुडाला. तो पूल वर्षाकाठी काही महिने पाण्यात असतो हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेली-बदायूंच्या बाजूला रामगंगेवरच्या, पुराने तुटलेल्या पुलावरून मोटार खाली पडून तिघे गेले. तेथे बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला गेला, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी भक्कम अडसर आणि दिवा असणे ही नकाशाच्याही आधीची जबाबदारी आहे. यंत्राला दोष देऊन ती झटकता येणार नाही. तशीच, यंत्रावर भार टाकून डोळे मिटण्याची मुभा चालवणाऱ्यालाही नाही.

तेव्हा करावे काय? यंत्र फेकून द्यावे असे मी म्हणणार नाही. अपरिचित शहरात रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन जाणाऱ्याला ते दिवसा-उजेडाइतके मोलाचे आहे. पण त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले पाहिजे. जो रस्ता आपल्याला खरोखर हवा आहे, त्याच्यावरच, फाट्यावर नव्हे तर फाटा ओलांडून पुढे, एखादा ठिपका द्यावा. लोणावळे सांगून भागणार नाही. कामशेतजवळचा जुन्या रस्त्यावरचा ठिकाणा सांगावा, म्हणजे यंत्राला दुसरी वाट उरत नाही. लांबचा प्रवास असेल तर त्याचे दोन-तीन तुकडे करावेत. मोबाईलमध्ये मार्ग उघडल्यावर, गाडी हलण्यापूर्वी, तो एकदा आरंभापासून शेवटपर्यंत पाहावा. वाटेवरच्या गावांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून शेजारी बसलेल्याच्या हाती द्यावीत. गाडी चालवणाऱ्याने पडद्याशी झटापट करू नये. यंत्राने नवी वाट सुचवली तर ती का सुचवली, हे शेजारच्याने पाहावे. पुढे अपघात असेल, दरड कोसळली असेल, तर आपली आखणी हट्टाने धरून बसण्यात शहाणपण नाही. केवळ चार मिनिटांचा लाभ असेल तर नकार द्यावा. आणि पावसाळ्यात, घाटात, धरणाच्या कडेला, किंवा रस्ता एकाएकी अरुंद आणि निर्मनुष्य झाला असता, गाडी थांबवून पहिल्या भेटेल त्या माणसाला विचारावे. त्याला "पाहुणे, तिकडून जाऊ नका, पुलावर पाणी हाय," एवढे जरी सांगता आले, तरी उपग्रहांना न दिसणारी गोष्ट त्याने सांगितलेली असते.

सभ्य गृहस्थहो, कोठे जायचे आणि लवकर कसे जायचे, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्राला देता येतात. ह्याच वाटेने का जायचे, हा तिसरा प्रश्न आपण त्याला कधी सांगतच नाही, आणि सांगितला तरी आज तो त्याच्या आकड्यांत बसत नाही. तो प्रश्न गाडीत बसलेल्या माणसांचा आहे. त्याचे उत्तर त्यांनी आपल्यापाशी ठेवावे, आणि बाकीचे हिशेब खुशाल यंत्राकडून करून घ्यावेत.