संघ कोणाला म्हणावे?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत खेळावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडे वाचले ते पाळी संपल्यावर, रात्री. पण ‘संघ’ हा शब्द खेळाडूंचा आहे तसा आमचाही आहे. त्या शब्दाचा अर्थ आम्हांला एका क्रिकेट-हंगामाने चांगला शिकवला. तो हंगाम आज आपणांपुढे मांडावा म्हणतो.

साल १९२०. पहिले महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती. महागाईने गांजलेल्या मुंबईच्या गिरणीकामगारांनी जानेवारीतच मोठा संप केला. ३१ ऑक्टोबरला याच मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकची स्थापना झाली. आणि डिसेंबरात, नेहमीप्रमाणे, चौरंगी सामने आले. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा चार संघांचे हे सामने. आज ही विभागणी कानाला खटकते. पण तेव्हा हे सामने बघायला मैदानावर माणसांचा पूर लोटत असे.

हिंदू संघाचा आधार होते पालवणकर बंधू. थोरले बाळू पालवणकर. जन्म १८७६ चा, धारवाडचा, समाज चर्मकार. पुण्यात पारशांच्या मैदानावर, आणि पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात, ते खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे, जाळी बांधण्याचे काम करीत. पगार महिना तीन-चार रुपये. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावरा हात असा तयार झाला, की पुण्याच्या हिंदू मंडळींना गोऱ्यांना हरवायचे तर त्यांच्यावाचून चालेना. मग त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. पण चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यातून. बाकीचे आत, कपबशीतून. जेवणाचे ताटही वेगळे.

१९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांबरोबर गेलेल्या संघातून त्यांनी इंग्लंडात ११४ बळी घेतले. त्यांच्यामागून शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे भाऊही नावारूपाला आले. इतके सगळे झाले, तरी हिंदू संघाचे कप्तानपद या घरात आले नाही. ते दर वर्षी वरच्या जातीच्या कोणाकडे तरी जाई.

१९२० च्या हंगामात पहिला सामना मुसलमान संघाशी होता. नेमलेले कप्तान पै आजारी पडले. बाळूंना तर संघातूनच वगळले होते. त्यांची चव्वेचाळिशी आली होती, वय झाले असे कोणी म्हणू शकले असते. पण विठ्ठलचे काय? संघातला आघाडीचा फलंदाज, अनुभवाने मुरलेला. तरी कप्तानपद दिले पुण्याच्या देवधरांना. देवधर पुढे मोठे खेळाडू झाले, त्यांचा मान कमी करण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न निवडणाऱ्यांचा होता.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून नावे काढून घेतली, आणि का काढली ते जाहीर निवेदनाने लोकांना सांगितले. आमच्या भाषेत हा संप होता. मागणी पैशाची नव्हती. आमच्या लायकीला जातीचे माप लावू नका, एवढीच होती. वर्तमानपत्रांत पत्रे आली, बोलबाला झाला. अंतिम सामना पारशांशी. त्याला पै कप्तान म्हणून परतले, बाळूंना संघात घेऊन उपकप्तान केले, दोघे भाऊही आले. आणि सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ का होईना, बाळूंनी संघ चालवला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल रीतसर कप्तान झाले, आणि युरोपियनांना हरवून हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली.

गोष्ट इथे संपवली तर आपण टाळ्या वाजवून घरी जाल. पण आमचे मन दुसऱ्याच ठिकाणी अडते. दोघे भाऊ बाहेर पडले तेव्हा उरलेला संघ काय करीत होता? तो खेळत होता. खेळला आणि तो सामना जिंकलाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच काय ती किंमत मोजायची; ज्यांची जागा पक्की, ते पॅड बांधून तयार!

उलट उदाहरण अमेरिकेतले आहे, दुसऱ्या महायुद्धानंतरचे. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे जेझुइट पाद्र्यांचे लहानसे विद्यापीठ. तिकडचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे आणि आडव्या येणाऱ्याला अंगाने रेटायचे. १९५१ च्या हंगामात या पोरांनी नऊच्या नऊ सामने जिंकले. वर्षअखेरीस दक्षिणेकडच्या शहरांत मोठे मानाचे सामने होतात. आमंत्रण मिळाले तर कॉलेजला पैसाही मिळतो, आणि या कॉलेजला त्याची निकड होती. सांगावा आला : या, पण ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन काळ्या खेळाडूंना मागे ठेवून या. गोऱ्या मुलांची जागा पक्की होती. तरी सगळ्यांनी मिळून नकार दिला. आमंत्रण आले नाही. हंगाम संपल्यावर पैशाअभावी कॉलेजने तो संघही बंद केला. आता सांगा, हरले कोण?

आम्ही दुसऱ्यांना धडे देतो असे समजू नका. इथल्याच एका कारखान्यात आमच्या युनियनने एक करार केला. कायम कामगारांना वाढ मिळाली, पेढे वाटले. त्याच यंत्रांवर राबणाऱ्या कंत्राटी मुलांचे नाव करारात नव्हते. त्यांतला एक जण आम्हांला म्हणाला, “काका, आम्ही तुमच्या युनियनचे नाही का?” पेढा हातात होता, उत्तर नव्हते. पालवणकरांचा तो हंगाम तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे. पुढच्या कराराच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगारांचे कलम आम्ही पहिले घातले. ते मान्य होईपर्यंत लढा लांबला, कायम कामगारांनी आम्हांला शिव्याही दिल्या. त्या आम्ही पदरात घेतल्या.

आपल्या भाईंदरात स्टीलची भांडी घडवणारे कारखाने आहेत. मातीची भांडी गेली. पण आपण राहतो त्या सोसायटीत जिना झाडणाऱ्या बाईचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला असतो की नाही, हे घरी गेल्यावर एकदा पाहा. असेल तर ती बाई तक्रार करील म्हणून वाट पाहू नका. तिने बोलायचे आणि तिनेच काम गमवायचे, हे १९२० मध्ये होऊन गेले. ज्याचा कप आतल्या कपाटात आहे, त्याने उठून तो कप आत आणायचा. संघ म्हणतात तो याला.