ओल धरलेली भिंत

इंदूरला १९२७ साली देवळालीकर मास्तरांनी चित्रशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे तिथेच शिकले. १९५० पासून त्यांनी बडोद्यात विद्यार्थी घडवले. उघड्यावर बसून जुना वाडा रंगवू लागले, की चित्रकाराला पहिला धडा मिळतो: सावली काळी नसते. चुना सुटलेल्या जागी ती निळसर, विटेवर जांभळट, ओल धरलेल्या पायथ्याशी हिरवट. नव्या गिलाव्यावर हे रंग सापडत नाहीत. ते पावसाळ्यांनी चढवलेले असतात. वाडा राखणे प्रत्येक घराला परवडत नाही, हे खरे. निदान पाडण्यापूर्वी, सकाळच्या उन्हात, तो कुणा चित्रकाराकडून रंगवून घ्या. मोजणीच्या नकाशात भिंतीची लांबी उरते. तिचे वय मात्र चित्रातच उरेल.