नाव कोरण्याआधी धातू विचारा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं भाषण, सभेला येऊ न शकलेल्या ताईंसाठी)



मागच्या वर्षी मी आईची बोरमाळ मोडली. दोन्ही लेकींना आजीची आठवण म्हणून नावाची लॉकेटं करायची होती. माळ काट्यावर भरली साडेअकरा ग्रॅम. सोनाराने मणी फोडून आटवले, तर हातात सोनं आलं सहा ग्रॅमच्याही आत. मी दुकानातच भांडले. चारचौघांत त्याला चोर म्हणाले. पुढे एका म्हाताऱ्या कारागिराने समजावलं, "बाई, बोरमाळेचा मणी पोकळ असतो. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. लाख गेली की वजन उतरणारच." मी त्या सोनाराची जाऊन माफी मागितली. पण मोडण्याआधी विचारलं असतं, तर माळ मी तशीच ठेवली असती. ती आता परत येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. जुना दागिना मोडायचा असेल तर आधी विचारा, आत लाख किती, खडे किती, सांधे कशाने जोडलेत? आटणी डोळ्यांसमोर करून घ्या.

आता नवीन घेताना. सोन्याच्या हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी. आकडा ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, तेच २२ कॅरेट. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४. एचयूआयडी मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची माहिती दिसते. हॉलमार्क असूनही सोनं कमी कसाचं निघालं, तर जेवढं कमी त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागायचा आपल्याला हक्क आहे. मात्र एक गोम आहे. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि आपली नावाची लॉकेटं बहुतेक तेवढीच असतात! तिथे आपला आधार म्हणजे पक्कं बिल. त्यावर वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर भागवू नका.

नाव कापून करायचं असेल तर २२ कॅरेट मऊ पडतं, वाकतं. रोज घालायला १८ बरं. आपल्या मराठी नावाला शिरोरेषा असते, तिच्यावर सगळी अक्षरं धरून राहतात, हे एक बरंच आहे. पण अनुस्वाराचा टिंब सुटा राहतो, तो वेगळा जोडावा लागतो. 'कांता'चं 'काता' झालेलं मी पाहिलंय. जोड पक्का आहे का, नखाने हलवून बघा.

'एक ग्रॅम सोनं' म्हणून मिळतं ते तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा. हौसेला घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण त्यावर नाव खोल कोरलं तर मुलामा खरवडला जातो आणि अक्षरांत आतला धातू दिसतो. मोड तर नाहीच.

चांदीत ९२५ मागा. निव्वळ चांदी फार मऊ, म्हणून त्यात तांबं मिसळतात. काळी पडली म्हणजे खोटी, असं समजू नका. गंधकाने चांदी काळवंडते. रबरातही गंधक असतो, म्हणून नोटांसारखं रबर लावून ठेवू नका. जर्मन सिल्व्हरमध्ये मात्र चांदीचा कणही नसतो. ते तांबं, जस्त आणि निकेल. निकेलने कित्येकींच्या कानाला खाज सुटते, पुरळ येतं. बाळाच्या बारशाच्या कड्याला ते नकोच.

माझ्या लेकींची लॉकेटं शेवटी १८ कॅरेटची झाली. उरलेल्या सोन्याची चिठ्ठी अजून कपाटात आहे.

पुढच्या सभेला येताना घरातलं एखादं जुनं बिल घेऊन या. कॅरेट आणि घडणावळ कुठे लिहिलीय, ते आपण मिळून वाचू.