मंजिष्ठेचे मूळ आणि विद्युत्‌घट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. अशा माणसाने ‘टाटा इन्स्टिट्यूट’च्या या गावात विद्युत्‌घटावर बोलावे हे धाडसच. पण माझ्या मुलीने एकदा मोबाइलची फुगलेली बॅटरी पुढे धरून विचारले, “बाबा, ही कुठे टाकायची?” सवयीप्रमाणे मी २०२२ चे नियम सांगितले : जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती म्हणाली, “पण हिच्या आत काय आहे?” तेथे मी थांबलो.

आत लिथियम असते, आणि बहुधा कोबाल्ट. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या कांगोतून येते. लिथियमचा साठा येथून जवळच्या मंड्या जिल्ह्यातही सापडला. २०२१ मध्ये जाहीर झालेला प्राथमिक अंदाज अवघ्या १,६०० टनांचा होता.

म्हणून काही रसायनशास्त्रज्ञ विचारतात, विद्युत्‌घटाचा अग्र धातूऐवजी कार्बनी रेणूंचा का करू नये? कार्बनी, म्हणजेच सेंद्रिय. पण बाजारातली ‘सेंद्रिय भाजी’ येथे डोळ्यांपुढे आणू नये. २०१२ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात लीला मोहन रेड्डी आणि पुलिकेल अजयन यांच्या गटाने ‘पर्प्युरिन’ या रंगद्रव्याचा असा अग्र केला. हे द्रव्य मंजिष्ठेच्या मुळांत असते. युरोपीय मंजिष्ठेत आणि आपल्या घरी उटण्यात पडते तीतही. त्याच्या रेणूतील ऑक्सिजनपाशी लिथियम येऊन बसते आणि वीज वापरताना-भरताना ये-जा करते. कोबाल्टच्या संयुगाला भट्टीचे शेकडो अंश तापमान लागते. येथे मद्यार्कात, खोलीच्या तापमानाला काम भागले.

हे वाचून आपल्यापैकी कोणी ‘आमच्या आयुर्वेदात हे होतेच’ असे म्हणेल. नव्हते. मंजिष्ठा होती, तिच्यातून वीज खेळवण्याचे श्रम प्रयोगशाळेतले आहेत, आणि ते अपुरे आहेत. तो घट पन्नास आवर्तनांपर्यंत तपासला गेला. मोबाइलला शेकडो लागतात. असे लहान रेणू घटातील द्रवात हळूहळू विरघळतात; शिवाय ते वीज नीट वाहू देत नाहीत, म्हणून कार्बनची पूड मिसळावी लागते आणि तेवढी जागा वाया जाते. रेणूंची लांब साखळी करून त्यांना अडकवून ठेवणे हा एक उपाय. २०२४ मध्ये एमआयटीच्या दिंका यांच्या गटाने न विरघळणारा सेंद्रिय पदार्थ वापरून दोन हजारांवर आवर्तने टिकवली. तो पदार्थ मात्र कोणत्या मुळातून निघालेला नव्हे.

फायलींतल्या माणसाला येथे आणखी एक शंका येते. आपली मंजिष्ठा बरीचशी रानातून खणून आणली जाते, आणि मूळ खणले की वेल गेली. उद्या बॅटऱ्यांसाठी मागणी वाढली तर सह्याद्रीच्या उतारावर काय उरेल? कांगोतील खाण टाळून आपण घाटातली खाण उघडायची काय? तेव्हा हे द्रव्य शेतात पिकवावे लागेल किंवा कारखान्यात करावे लागेल. आणि कारखान्यात करायचे तर कच्चा माल खनिज तेलाचा की शेतातील काडीकचऱ्याचा, हे आधी विचारावे लागेल. शिवाय लिथियम राहतेच. ते टाळण्यासाठी सोडियमकडे वळणारे संशोधक पुण्यात आहेत, बंगळुरातही आहेत.

त्यांपैकी काही तरुण मंडळी या सभागृहात बसली आहेत. माझे रसायनशास्त्र कोठे चुकले असेल तर त्यांनी चहाच्या वेळी सांगावे. मुलीला तिच्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे अजून राहिले आहे.