मनःप्रकृती, निद्रा आणि ध्यान
(जांब समर्थ येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्या गावी इ. स. १६०८ मध्ये रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी नारायण जन्मास आले आणि पुढे समर्थ रामदास म्हणून महाराष्ट्रास वंद्य झाले, त्या गावी मनाविषयी दोन शब्द बोलणे आम्हांस उचित वाटते.

आयुर्वेद शरीराचे दोष तीन सांगतो. वात, पित्त आणि कफ. मनाचे दोष मात्र दोनच, रज आणि तम. सत्त्व हा दोष नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सात सात्त्विक, सहा राजस व तीन तामस असे मनःप्रकृतीचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. समर्थांनीही दासबोधाच्या दुसऱ्या दशकात या तीन गुणांना एकेक समास दिला आहे. तथापि चरकाचार्यांचे एक सांगणे विसरता कामा नये. मन ज्या गुणास वारंवार अनुसरते, त्यावरून माणसास त्या गुणाचा म्हणतात. अर्थात प्रकृती हा कपाळावरचा शिक्का नव्हे. नित्याच्या आचरणाने तिला वळण लावता येते.

या आचरणात निद्रेचे स्थान मोठे आहे. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ होत. मन थकून इंद्रिये विषयांपासून परावृत्त झाली म्हणजे झोप येते, असे शास्त्र म्हणते. सांप्रत आपल्या घरांतील तरुण मध्यरात्रीपर्यंत हातातील मोबाइलवर डोळे लावून बसतात. तेथे इंद्रिये परावृत्त व्हावीत कशी? अभ्यंग, स्नान, दूध, मनास रुचणारे गंध व शब्द हे शास्त्रोक्त उपाय साधे आहेत. दिवसा झोपणे निरोगी माणसास केवळ ग्रीष्मात मान्य आहे. बालके, वृद्ध व रुग्ण यांस सवलत आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक संपूर्ण समास असून झोपी गेलेल्यांच्या तऱ्हा तेथे मोठ्या विनोदाने रंगविल्या आहेत. तो घरोघरी अवश्य वाचावा.

ध्यानाविषयी इतकेच सांगतो. मनास अहितकर विषयांपासून आवरणे, यास आयुर्वेद सत्त्वावजय म्हणतो व ती चिकित्साच मानतो. परंतु ध्यान म्हणजे झोपेची भरपाई नव्हे, अथवा औषधाची बदलीही नव्हे.

आता मुख्य गोष्ट. आपल्या ज्ञातीत ज्वर आला तर वैद्य बोलावतात. मन आजारी पडले तर दार लावून घेतात. मुलामुलींची स्थळे मोडतील, या भयाने वर्षानुवर्षे दुखणे लपविले जाते आणि उपचारांची वेळ निघून जाते. चरकाचार्यांनी उन्मादासारख्या व्याधीतही सुहृदांनी आश्वासन द्यावे, असे सांगितले आहे. त्या काळचे धाकदपटशाचे उपाय आज त्याज्य ठरले. आश्वासन मात्र आजही तितकेच उपयोगी आहे. ज्यास आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणे नकोसे वाटते, त्यास ‘तामसी’ म्हणून हिणवू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्यास तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्या. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

मनास उपदेश करणारे २०५ श्लोक ज्यांनी रचले, त्यांच्या जन्मभूमीत जमलेल्या आपण सर्वांनी मनाच्या दुखण्याची लाज सोडावी, एवढीच आमची प्रार्थना आहे.